सासऱ्यांच्या वावाने आखलेली रेघ

आता टीव्हीवर ती उंच उंच माणसं पार अर्ध्या मैदानातून बास्केटबॉल टाकतात आणि तो जातो पण. बघायला बसलेले आमच्या वाड्यातले म्हातारे लगेच सुरू होतात. जुने खेळाडू आज असते तर टिकले असते का, की बाकावर बसले असते. एक बोलतो टिकले असते, दुसरा बोलतो वाट लागली असती त्यांची. मी बाजूला जवळा निवडत ऐकते. खेळातलं मला सगळं कळतं असं नाय. पण एक जुना माणूस नव्या खेळात कसा शिरला ते मी बघितलंय. त्याच्यासाठी चेंडू आणून आणून माझ्या टाचांना भेगा पडल्या होत्या. तो माझा मालक.

मला माहुलच्या कोळीवाड्यात दिलं तेव्हाच सगळे बोलले, नवरा ताडासारखा आहे, दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घेतो. खरंच घ्यायचे आपटून. शाळेत मास्तरांनी उंची बघून हातात चेंडू दिला होता. शाळा सुटली, चेंडू सुटला नाय. त्या चेंडूवरच मुलुंडच्या एका रंगाच्या कंपनीत लागले. सासऱ्यांना वाटायचं पोरगा होडीवर यावा. पण खाडीत तेव्हाच तेलाचा तवंग यायला लागला होता, मासळी कमी होत चाललेली. मग तेही गप्प बसले.

कंपनीत लागले तेव्हा टीम उभी राहिली नव्हती. पहिली दोन वर्षं त्यांना टाक्या धुवायला घातलं. मोठ्या लोखंडी टाक्या, त्यात रंगाचं पाणी शिजायचं. टाकी रिकामी झाली की माणूस शिडीने आत उतरायचा आणि ब्रशने घासून काढायचा. तोंडाला नुसतं फडकं. घरी यायचे ते खोकतच. थुंकी कधी पिवळी, कधी निळी, ज्या दिवशी जो रंग असेल तो. भाताचा घास तोंडात घेतला की खोकला यायचा आणि ताट सरकवून उठायचे. कंपनीचा डॉक्टर गोड औषधाची बाटली द्यायचा.

मग टीम झाली. खेळाडू थकून चालणार नाय म्हणून साहेबाने त्यांना स्टोअरमध्ये घेतलं. बोल्ट, वायसर, हातमोजे मोजून द्यायचे, वहीत लिहायचं. सहा महिन्यांत खोकला थांबला. त्यांच्याबरोबर टाकीत उतरणारे दोघं होते, ते राहिले तिथेच. एकाला पुढे मजल्यावरच्या खोलीत चढवेना, तो जिन्याखाली खाट टाकून राहायचा. दुसऱ्याला मी शेवटचा बघितला तेव्हा तो बसून झोपत होता, आडवा झाला की श्वास अडकायचा. म्हणून मला बाकी काय कळो न कळो, एक गोष्ट कळत होती. मालक टीममध्ये आहेत तोवर स्टोअरमध्ये आहेत. टीमबाहेर गेले की टाकीत.

बारा वर्षं ते टीममध्ये होते. त्यांचा खेळ एकच. कडीखाली, म्हणजे त्या लोखंडी रिंगच्या खाली, पाठ करून उभं राहायचं, अंगावर दोन माणसं घ्यायची आणि वळून चेंडू वर ठेवायचा. टाकायचा नाय, ठेवायचा. फळीवर दिवा ठेवतात तसा. मुलुंडपासून पार्ल्यापर्यंत खेळणाऱ्या लोकांना तो हात माहीत होता.

मग नवा नियम आला. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कुठल्याही कंपनीच्या गेटवर गेलं की कामाला हात जोडून उभी असलेली आमच्या वयाची माणसं दिसायची. त्यात ही रेघ आली. कडीपासून लांब एक गोल रेघ मारायची, तिच्याबाहेरून चेंडू गेला तर दोनाच्या जागी तीन. कंपनीत नवीन कोचही आला, गळ्यात शिट्टी, वय माझ्या धाकट्या दिरापेक्षा कमी. त्याने मालकांना बाजूला घेतलं आणि बोलला, "काका, आता कडीखाली गर्दी करून चालत नाय. मला बाहेरून टाकणारे पाहिजेत. महिन्याने घाटकोपरला मॅच आहे. त्यात बघतो आणि बारा नावं काढतो."

"आणि नाव नाय आलं तर?" मालकांनी विचारलं.

"तर काय, ड्युटी करा. टीममध्ये नसलेल्याला स्टोअर का म्हणून, असं साहेब विचारतात. मी काय सांगू त्यांना?"

हे सगळं त्यांनी मला घरी येऊन सांगितलं, चपला न काढता, ओट्यावर उभं राहून.

त्या रविवारी त्यांचे दोन जुने मित्र आले होते, दोघंही खेळातून उतरलेले. ओट्यावर बसून बोंबलाची भजी खात त्यांचं सुरू झालं. त्यांच्या तरुणपणी रेल्वेत एक खेळाडू होता, दोन्ही हातांनी चेंडू ठेवायचा, त्याला अडवणारा माणूस पैदा झाला नव्हता म्हणे.

"तो आज असता तर?" एक बोलला. "पाणी आणून दिलं असतं पोरांना. उभा राहणार कुठे? कडीखाली जागाच ठेवली नाय या लोकांनी."

"अरे जा. ज्याला चेंडू कळतो त्याला रेघ कळायला किती वेळ? आठ दिवसांत शिकला असता."

"गुडघे कोण देणार त्याला? तुझा बाप?"

मालक हसले नाय. भजी हातातच राहिली होती. ते बोलणं रेल्वेवाल्याबद्दल नव्हतं, हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते कामावरून लोखंडी कडी घेऊन आले, वेल्डिंगवाल्या मित्राकडून वाकवून घेतलेली. आमच्या खळ्यात, म्हणजे जिथे मासळी सुकत घालतो त्या सारवलेल्या जागेत, एक मोडक्या होडीची डोलकाठी पडून होती. ती पुरली, तिला होडीचीच फळी ठोकली, फळीला कडी. उंचीला माप लागलं नाय. खाली उभं राहून हात वर केला, एक उडी मारली, बोटं कडीला लागली, बोलले, "बरोबर हाय." बारा वर्षं त्या कडीखाली काढलेली, अंगालाच माहीत होती ती उंची.

पण रेघ किती लांब, ते अंगाला माहीत नव्हतं. तिथे ते कधी उभेच राहिले नव्हते. कंपनीच्या मैदानावर नवी रेघ अजून मारलेली नव्हती. कोचने सांगितलेलं, सव्वा सहा मीटर. मी बोलले, "कंपनीतून मापाची टेप आणा ना."

"आणि सगळ्यांना सांगू की म्हातारा घरी शिकवणी लावून बसलाय?"

सासरे जाळं विणत बसले होते. त्यांनी विचारलं, "मीटर म्हणजे वाव किती?"

आमच्यात दोरी वावाने मापतात. दोन्ही हात फाकवायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. शेजारी होडीच्या मशीनचं काम करणारा होता, त्याने थोडा विचार केला आणि बोलला, "साडेतीन वाव धरा." सासऱ्यांनी जुनी दोरी घेतली, छाती काढून तीन वेळा हात फाकवले, मग अर्धा. कडीच्या बरोबर खाली मी जाळ्याचं शिसं दोऱ्याला बांधून सोडलं, तिथे खुंटी मारली, दोरीचं टोक तिला अडकवलं आणि ताणून गोल फिरले. मी चुना मारायला घेतला तर सासरे ओरडले, "चुना नको गो. उद्या त्यावर जवळा घालशील, खाणार कोण?" म्हणून मग रेघेच्या जागी दोरीच अंथरली आणि खुंट्यांनी दाबून टाकली.

पहिले आठ दिवस बघवत नव्हते. चेंडू कडीपर्यंत पोचायचाच नाय. कधी वळंडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडवावर, टांगलेल्या बोंबलांत जायचा, कधी सुकत घातलेल्या जवळ्यात, दोनदा खाडीच्या चिखलात गेला तेव्हा मी लुगडं खोचून मांडीभर चिखलात उतरले. सकाळी कामावर जायच्या आधी तास, संध्याकाळी उजेड असेपर्यंत. मी चेंडू आणायची, द्यायची, परत आणायची. बायका पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाताना थांबायच्या.

"काय गो, तुझ्या मालकाला खेळवतेस का सकाळ-सकाळ?"

"हो, नायतर रडतो," मी बोलायची. काय सांगणार त्यांना.

नवव्या का दहाव्या दिवशी सासऱ्यांनी सुई खाली ठेवली. बोलले, "अरं, हाताने काय फेकतोस? पाग हाताने फेकतात का?"

पाग म्हणजे अंगावर घेऊन गोल फेकायचं जाळं. ते फेकणारा हातातला जोर वापरत नाय. पाय रोवतो, गुडघ्यात थोडा बसतो, कंबरेतून उठतो, हात नुसते पाठोपाठ जातात. मालकांनी लहानपणी खाडीत पाग फेकलेलं होतं. ते उभे राहिले, थोडे बसले, उठले. चेंडू कडीला लागून परत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोचला. त्यांनी माझ्याकडे बघितलं पण नाय, नुसता हात पुढे केला, चेंडू दे म्हणून.

महिना भरत आला तेव्हा दहातले पाच-सहा जायला लागले. गुडघ्याला रात्री मी तेल लावायची, सकाळी परत तेच. खोकल्याचा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो. फक्त एकदा, चेंडू देताना, ते बोलले, "टाकीत आता मशीन लावणारेत म्हणे." मी बोलले, "कधी?" त्यांनी माझ्या हातातून चेंडू घेतला आणि पाय रोवले.

मॅच रविवारची, दुपारची. मी सकाळी पाटी घेऊन घाटकोपरच्या बाजारात बसले होते. मासळी संपली तशी पाटी धुतली, कमरेला लावली आणि मैदानावर गेले. त्यांना सांगितलं नव्हतं. सिमेंटचं मैदान, त्यावर पांढऱ्या रंगाची नवी कोरी रेघ. मी भिंतीजवळ सावलीला बसले.

खेळ सुरू झाला. मालक रेघेवर येऊन उभे राहिले, पाय रोवले, बसले, उठले. चेंडू कडीवरून गेला, फळीवर धाडकन आपटला आणि बाहेर. बरं, होतं एखाद्या वेळी. दुसरा पण तसाच. तिसरा तर फळीच्याही वरून. समोरच्या टीमचे हसले. एकजण बोलला, "काका, पाकिस्तानात टाकताय का?" कोचने त्यांना बाहेर घेतलं. ते बाकावर बसले, टॉवेल डोक्यावर घेऊन.

मी महिनाभर त्यांचा चेंडू बघितलेला. कमी पडला तर समजलं असतं, दमले असतील. पण लांब कसा जातोय? तिन्ही लांबच कसे गेले? घरी एकदाही चेंडू फळीवरून गेला नव्हता. आणि ती दोरी तर मीच अंथरली होती.

मधली सुट्टी झाली. सगळे पाणी प्यायला एका बाजूला गेले. मी उठले आणि सरळ मैदानात शिरले. कडीखाली जाऊन उभी राहिले आणि रेघेपर्यंत चालत गेले, पावलं मोजत. घरी कडीखालून दोरीपर्यंत मी किती वेळा चाललेली, हजार वेळा असेल. दहा पावलं व्हायची, नेहमी दहा.

"ओ मावशी, मैदानात कुठे चाललात?" शिट्टीवाला पंच ओरडला.

"फडकं उडालं माझं," मी बोलले आणि चालतच राहिले. नऊ. नवव्या पावलाला माझा पाय पांढऱ्या रेघेवर होता.

तेव्हा डोक्यात आलं. सासऱ्यांचे हात. मालकांची उंची आली कुठून, त्यांच्याकडूनच. अख्ख्या कोळीवाड्यात त्यांच्याएवढे लांब हात कुणाचे नव्हते. दोरी विकत घ्यायला जायचं असलं की वाड्यातली माणसं त्यांनाच बरोबर न्यायची, कारण त्यांच्या दहा वावात दोरी जास्त यायची. दोरीवाला त्यांना दुकानात शिरताना बघून तोंड वाकडं करायचा. आणि घरचं जाळं विकायचं असलं की मापायला सासूबाई पुढे व्हायच्या, त्यांचे हात बुटके. हे सगळं मला माहीत होतं. आमच्यात हसायचा विषय होता तो. आणि तरी त्या दिवशी मी ती दोरी घेतली आणि गोल फिरले, एका शब्दाने बोलले नाय.

मी बाकाजवळ गेले. "अवो."

त्यांनी टॉवेल काढला. "तू इथे कशाला आलीस?"

"घरची रेघ लांब आहे. इथली जवळ आहे. एक पाऊल फरक आहे, मी चालून बघितलं."

"काय बोलतेस?"

"बाबांच्या वावाने मापली ना आपण."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मैदानातल्या रेघेकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यांना काहीतरी झालं, मला वाटलं खोकला आला. ते हसत होते. महिन्याभरात हसले नव्हते.

"मग आता काय करू? जोर कमी करू?"

"जोर कमी करायला गेलात तर सगळंच बिघडेल," मी बोलले. "घरी जिथून टाकता तिथूनच टाका. रेघेच्या मागे एक पाऊल. मागून टाकलेलं चालतं का?"

"चालतं. तीनच मिळतात."

"मग झालं तर."

कोच येताना दिसला तशी मी पाटी उचलून परत भिंतीजवळ गेले. मालक त्याच्याशी काही बोलले. काय ते मला ऐकू आलं नाय. कोचने हात झाडले, जा म्हणून, पाच मिनिटं देतो अशी बोटं दाखवली.

ते मैदानात गेले आणि रेघेच्या मागे एक पाऊल उभे राहिले. समोरच्यांचा एक पोरगा रेघेपर्यंत आला, त्यांच्याकडे बघितलं आणि परत आत गेला. एवढ्या लांबून कोण टाकतं, असं त्याला वाटलं असणार. तेव्हा कुणीच टाकत नव्हतं. म्हणून त्यांच्या अंगावर माणूसच नव्हता. बारा वर्षं दोन-दोन माणसं अंगावर घेऊन खेळलेला माणूस, त्याला पहिल्यांदा मोकळी जागा मिळाली. चेंडू आला. पाय रोवले, बसले, उठले.

गेला. जाळी नुसती हलली.

"काका, आत या, रेघेवर या," कोच ओरडला. दुसरा चेंडू त्यांनी तिथूनच टाकला. तो पण गेला. तिसरा कडीवर दोनदा उडून बाहेर आला, पण उंच आला, सरळ आला. मला कळलं की हात बरोबर आहे. चौथा गेला तेव्हा कोच ओरडायचा थांबला होता. मग समोरचा पोरगा पळत बाहेर यायला लागला, तशी कडीखाली जागा झाली. मालक एकदा तिथे शिरले आणि जुन्यासारखा वळून चेंडू वर ठेवला. पाच मिनिटांची बोटं दाखवलेली, शेवटपर्यंत ठेवलं त्यांना.

आमची टीम हरली. ते मला बसस्टॉपवर कळलं, मी आकडे बघितलेच नव्हते.

खेळ संपल्यावर कोच त्यांच्याजवळ आला. मी पाच हातांवर होते.

"काका, रेघेच्या एवढं मागून का टाकता?"

"घरी सवय आहे," मालक बोलले.

"घरी? घरी कुठे मैदान आहे तुमच्या?"

"खळं आहे. बोंबील सुकवतो."

कोचला वाटलं चेष्टा करतायत. तो थोडा हसला, मग बोलला, "उद्या सकाळी ट्रॅकसूटचं माप द्यायला या. बाकीच्या पोरांना पण तिथून टाकायला शिकवा. आणि ड्युटीचं मी साहेबांशी बोलतो, स्टोअरच राहू दे."

मालक "बरं" बोलले. एवढंच. मी पाटी या कमरेवरून त्या कमरेला घेतली.

पुढे आणखी पाच वर्षं ते खेळले आणि नंतर स्टोअरमध्येच कायम झाले. टाकीत परत उतरले नाय. सासऱ्यांना आम्ही वावाचं सांगितलं तर ते बोलले, "माझं माप बरोबर हाय, त्यांचीच रेघ आखूड." मरेपर्यंत तेच बोलत होते.

पण त्या दिवशीचं सांगते. घाटकोपरहून बस पकडली, बसायला जागा मिळाली. ऊन अजून होतं. मालक खिडकीजवळ, मी बाजूला, मांडीवर रिकामी पाटी. मी आयुष्यात कधी बसमध्ये झोपले नाय. मासळी घेऊन जाणारी बाई झोपत नसते, पाटीवर लक्ष ठेवावं लागतं. त्या दिवशी पाटीत काय नव्हतं. बस सुटली एवढं आठवतं. त्यानंतर कंडक्टर खांद्याजवळच्या दांड्यावर तिकिटाच्या पंचने टकटक करत होता आणि बोलत होता, "मावशी, उतरा आता. काकांना पण उठवा." बस रिकामी होती. शेवटचा स्टॉप आमचाच, म्हणून बरं. मालक खिडकीच्या काचेला डोकं लावून झोपले होते, तोंड उघडं, श्वास सरळ चाललेला. मी कंडक्टरला बोलले, "एक मिनिट थांब रे." आणि तो थांबला.